समस्त सिकंदरांनी मातीत यावं

पोराला नाव ठेवताना आईबापांनी एकदा त्याच्या हाडांकडे बघावं, असं माझं स्पष्ट मत आहे. माझ्या बापानं बघितलं नाही. बघणार कसा, मी जन्मलो त्या दिवशी तो घरातच नव्हता. आमच्या गावची जत्रा होती आणि बाप कुस्त्यांच्या फडावर जागा धरून बसला होता. नांदेडचे सिकंदर उस्ताद त्या दिवशी आमच्या मातीत उतरले आणि पंजाबहून आलेल्या एका दांडग्या पैलवानाला त्यांनी घिस्सा मारून आस्मान दाखवलं. बाप धोतराला लाल माती लावून नाचत घरी आला. आईनं मनात रामलिंग हे नाव धरलं होतं, पण बारशाला आत्यानं माझ्या कानात कुर्र करून सांगितलं ते सिकंदर. पाळण्याभोवतीच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या म्हणतात, कारण पाळण्यातला सिकंदर वातीएवढा होता. आजही फारसा फरक पडलेला नाही. वात जरा लांब झाली, एवढंच.

त्या साली अहमदपूरच्या आसपास ज्यांच्या घरी पोरगा झाला, त्यांतल्या पुष्कळांनी हेच नाव ठेवलं. हिंदूंनी ठेवलं, मुसलमानांनी ठेवलं. पुढं त्यांच्यातले काही पैलवान झाले, काही गवंडी झाले, एक तर तलाठी झाला. मी आखाड्यात आयुष्यात एकदाच उतरलो. समोरच्या गड्यानं मला अलगद उचललं आणि वस्तादांना विचारलं, "ह्याला कुठं ठिवू?" शाळेत इतिहासाचे गुरुजी त्याहून वाईट. "जग जिंकायला निघालेले सिकंदर महाराज आज सातच्या पाढ्यावर अडलेत," असं ते सगळ्या वर्गाला सांगायचे. तो खरा सिकंदरसुद्धा बियास नदीवरून मागं फिरला होता, हे मला पुढं कळलं. आधी कळलं असतं तर गुरुजींना तोंडावर सांगितलं असतं.

अंगात ताकद नव्हती, पण गळ्यात होती. म्हणून मी कुस्त्यांचा निवेदक झालो. घरची शेती बघायची आणि जत्रांचा हंगाम आला की माइक धरायचा. इकडे नांदेड, तिकडे लातूर, मधल्या सगळ्या गावांच्या फडांवर माझा आवाज फिरलेला आहे. पैलवान मातीत येतो तेव्हा त्याचं नाव असं घ्यायचं, की त्याच्या आईला घरी बसून अभिमान वाटला पाहिजे. ते मला जमतं. उगाच नम्रपणा कशाला करू?

आणि मी जगाची नावं घेत फिरत असताना माझ्या घरात काय चाललं होतं? माझी बायको सिंधू. लग्न झाल्यापासून तिनं माझं नाव एकदाही घेतलं नव्हतं.

तिच्या वयाच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, हे मलाही माहीत आहे. पण बाकीच्यांच्या नवऱ्यांची नावं अशी गावभर सांडलेली नसतात. शेजारच्या शेषेरावानं आपल्या बैलाचं नाव सिकंदर ठेवलं. कामून ठेवलं विचारलं तर म्हणाला, "तुज्यावरनं न्हाई गा, उस्तादावरनं." तो बैल एकदा सुटून आमच्या रानात शिरला, तेव्हा सिंधू बांधावर उभी राहून ओरडली, "भाऊजी, ह्यांच्या नावाचा सुटलाय! आमची ज्वारी खाऊन राहिलाय!" पुढं वर्षभर लोक मला पारावर विचारत होते, ज्वारी कशी होती म्हणून.

आमचा पोरगा दयानंद नोकरीला पहिल्यांदा सिकंदराबादला लागला, तेव्हाची गोष्ट तर विचारू नका. निजामाच्या घराण्यातल्या सिकंदर जाहच्या नावानं ते गाव वसलं. त्याचा आमच्या घरावर काय राग होता कोण जाणे. खोली लावायला मी आधी गेलो होतो. सिंधू मागून नांदेडहून यायची होती. तिकिटाच्या खिडकीवर तिला गावाचं नाव घेता येईना. "हैदराबादच्या तिथलं मोठं ठेसन द्या," म्हणाली. खिडकीतल्या माणसानं तिला काचीगुड्याचं तिकीट दिलं. मी सिकंदराबादच्या फलाटावर येईल ती गाडी बघतोय आणि ही काचीगुड्याला पिशवीवर बसून दशम्या खातेय. शेवटी कुणाच्या तरी फोनवरून तिचा फोन आला.

"कुठं हायेस?" मी ओरडलो.

"हितंच हाय."

"आगं, पर यायचं कुठं होतं तुला?"

"तुमच्या नावाच्या गावाला," ती म्हणाली. वर माझ्यावरच चिडली, की माणसानं साध्या नावाच्या गावात नोकरी धरायची असती.

हे सगळं मी हसण्यावारी नेत आलो होतो. मागच्या थंडीत मात्र ते हसू मावळलं. डाव्या कानात नुसती शिट्टी वाजायला लागली, म्हणून लातूरला कानाच्या डॉक्टरकडे गेलो. त्यांनी काचेच्या खोलीत बसवून तपासलं आणि सरळ सांगून टाकलं. डावा गेला आहे, उजवा जायच्या वाटेवर आहे. मशीन बसवू, आवाज येतील. पण माणसांचे आवाज आज येतात तसे येणार नाहीत. इतकी वर्षं भोंग्याखाली उभं राहिल्याचा हा परिणाम, असंही म्हणाले.

भोंगे सलीमचे. सलीम म्हणजे अहमदपूरचा माइकवाला, सिकंदर उस्तादांचा सख्खा भाचा आणि माझा दोस्त. जत्रेत आमची जोडी ठरलेली. त्याला कानाचं सांगितलं. नंतरच्या फडावर बघतो, तर सगळे भोंगे माझ्याकडे पाठ करून बांधलेले. निम्म्या लोकांना काही ऐकू गेलं नाही आणि त्यांनी त्याला शिव्या घातल्या. सलीम शिव्या खात उभा राहिला.

तपासणी करून लातूरहून परत येताना एसटीत उजवा कान खिडकीकडे करून बसलो होतो. कंडक्टर ओरडत होता, पेरूवाली ओरडत होती, मागच्या सीटवर कुणाचं तरी लेकरू भोकाड पसरून रडत होतं. एरवी वैतागलो असतो. त्या दिवशी सगळं गोड वाटलं. मग मनात आलं, हा कान जाण्याआधी एक आवाज ऐकायचा आहे. सिंधूच्या तोंडून माझं नाव. बस्स. हसायचं असेल तर हसा. म्हाताऱ्याला काय काय सुचतं म्हणा. पण मला ते पाहिजे होतं आणि लई पाहिजे होतं.

घरी गेलो. ती ओट्यावर मिरच्यांचे देठ खुडत होती.

"सिंधू, एकदा नाव घे."

"कुणाचं?"

"माझं."

तिनं माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी भर चौकात फुगडी घालायला सांगितली. "नातवंडं झाली," ती म्हणाली, "जरा तरी लाज धरा." आणि मिरच्या तशाच टाकून आत गेली. कानाचं मी तिला नीट सांगितलं नव्हतं. मळ निघाला, एवढंच म्हणालो होतो. डॉक्टर खरं काय म्हणाले ते घरात फक्त दयानंदला आणि सूनबाईला माहीत होतं.

दयानंद आता लातूरला असतो. आमची सून वर्षाराणी तिथंच शाळेत शिकवते. ती नवऱ्याला सरळ "दयानंद, दूध उतू चाललंय" म्हणते. पहिल्या वर्षी ती असं म्हणाली की सिंधू दर वेळी देव्हाऱ्याकडे बघायची. आता सवय झाली. वर्षाराणीनं माझी बाजू घेतली. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ती मुद्दाम गावाकडे आली आणि सासूसाठी उखाणा तयार करून आली. माजघरात सगळ्या बायका जमल्या होत्या. मी ओसरीवर उजवा कान दाराला लावून बसलो होतो.

"आत्या, नुसतं माझ्या मागून म्हणा," वर्षाराणी म्हणाली. "जग जिंकत निघाला, थांबला बियासच्या काठी, सिकंदररावांचं नाव घेते तुमच्या आग्रहासाठी."

बायकांनी टाळ्या वाजवल्या. सिंधू उठली, खाकरली आणि म्हणाली, "तव्यावर भाकर, चुलीवर पिठलं, सांगा बायांनो, नाव घ्यायला मला कुणी उठिवलं?"

माजघर हसून हसून लोळलं. मी सोडून. बायका वाण घेऊन गेल्या तशी माझी सटकली. एवढ्या वर्षांचा राग एका दमात बाहेर आला. म्हणालो, गल्लीतल्या कुत्र्याला तू नावानं बोलावतेस आणि मीच तेवढा बिननावाचा. तुला माझ्या नावाचा कमीपणा वाटतो. सरळ सांग, रामलिंग असतं तर घेतलं असतंस का?

सिंधूनं हातातलं तबक खाली ठेवलं. "मपल्या मायनं सांगितल्यालं हाय," ती म्हणाली. "बाईनं नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं. खरं का खोटं, मला ठाव न्हाई. पर ते खोटं हाय का बगायला मी तुमचं आयुष्य लावू व्हय?"

जिला मी इतकी वर्षं लाजाळू समजत होतो, ती माझ्यावर पहारा देत होती. मी चष्मा काढून पुसला, परत लावला आणि म्हणालो, "ऱ्हाऊ दे. न्हाई मागत पुन्हा." वर्षाराणी दारात उभी होती. तिनं ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी लातूरला जाण्याआधी तिनं सासूला कानाचं सगळं खरं सांगून टाकलं. मला हे कळलं फार नंतर.

मागितलं नाही, पण मनातून काही गेलं नाही. सिंधू भाकरी वाढायची, मी तिच्या ओठांकडे बघायचो. मधेच एकदा ती एकटी अहमदपूरला गेली. बाजार करून आली म्हणाली, पण पिशवीत नुसती कोथिंबिरीची जुडी. मी ती निवडायला घेतली.

चैत्रात आमची जत्रा भरली. सकाळी सलीम भोंगे बांधता बांधता मला म्हणाला, "भाऊ, इस साल मामूच्या नावानं एक प्रोग्राम हाय. आजूबाजूचे जेवढे सिकंदर हायेत, सगळे बुलाये. शेवटच्या कुस्तीच्या आधी सत्कार करू." मला फार बरं वाटलं. उस्तादांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांची आठवण कुणी काढावी तर भाच्यानंच. नारळाच्या बक्षिसावरच्या पोरांच्या कुस्त्या झाल्या, मोठ्या जोड्या झाल्या, ऊन कललं. हलगी थांबवून मी माइकवर आरोळी ठोकली, "समस्त सिकंदरांनी मातीत यावं!"

मला वाटलं होतं, दोनचार येतील. माणसं येतच राहिली. फडाभोवतीची गर्दी बाजूला होत होती आणि कुठून कुठून सिकंदर निघत होते. निवेदक म्हटल्यावर मला राहवेना; मी एकेकाला माइक दिला आणि विचारलं, बाबा, तुझं नाव कुणावरनं? माझ्या वयाचे होते ते सगळे उस्तादांवरनं. किल्लारीहून आलेला एक ट्रकवाला होता, कारखान्याला ऊस ओढणारा. तो म्हणाला, "भूकंप झाला तवा मी मायच्या पोटात होतो. घर पडलं, माय वाचली. बाप म्हणाला, हे लेकरू जिंकून आलंय." मग इस्लापूरचा चहावाला पुढं आला. आईला सिकंदराबादच्या दवाखान्यात नेत होते, हा गाडीतच झाला. "बरं झालं, मनमाडची गाडी नव्हती," असं तोच म्हणाला. अहमदपूरच्या म्हाताऱ्या शिलाईवाल्या चाचांच्या घराण्यात कुणी निजामाच्या चाकरीत होतं, म्हणून त्यांचं नाव जुन्या निजामावरनं. आणि शेवटची मानाची कुस्ती ज्याची होती, तो उदगीरचा उघडाबंब जवान पैलवान म्हणाला, "आमचा अप्पा सातवीत इतिहासात नापास झाल्ता, म्हणून पोरगा झाल्यावर हे नाव ठिवलं. त्या सिकंदरानं नापास केलं म्हणं, मग घरीच आणून धोपटतो त्याला." एवढ्यात शेषेरावानं आपला बैलही मातीत आणून उभा केला. पंच ओरडले, पण लोकांनी बैल ठेवायला लावला. एका बाईच्या कडेवरचं तान्हं पोरगंही सिकंदर निघालं.

"आता तुमी बी लायनीत उभं ऱ्हावा," सलीमनं माझ्या हातातला माइक काढून घेतला. मी चाचांच्या शेजारी उभा राहिलो. तर सलीम बांबूवर चढून एक भोंगा फिरवू लागला. माझ्या उजव्या बाजूला आणून थांबला. मला कळेना, हा काय करून राहिलाय.

देवळाच्या पायऱ्यांवर बायका बसल्या होत्या. त्यांच्यातून सिंधू उठली. फडाच्या कडेला तिनं चपला काढल्या, मातीला हात लावून कपाळाला लावला आणि आत आली. वर्षाराणी मागं होती, पण सिंधूनं तिला खुणेनं थांबवलं. सलीमनं खाली उतरून तिला माइक दिला. तिनं तो दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"मला उखाणा येत न्हाई," ती म्हणाली. "ह्यांचे कान जाऊन राहिलेत. ह्यांना मपल्या तोंडून नाव ऐकायचं हाय. मी घेत नव्हते. नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं म्हणत्यात. सूनबाई म्हणती, तसं काय नसतंय. नसंल. पर आसलंच, तर?" ती थांबली. "म्हणून सलीमभाऊंना म्हणलं, ह्या नावाचे जेवढे हायेत तेवढे गोळा करा. एवढ्यांत वाटून गेलं तर एकेकाच्या वाट्याला लई थोडं यील. ज्याला द्यायचं न्हाई त्यानं मातीतून भाईर जावं. मला राग न्हाई यायचा."

हजारो माणसांचा फड. हलगीवाल्यानं हलगी छातीशी धरलेली. मी बाजूला बघितलं. ट्रकवाला उभाच. चहावाला उभाच. चाचा हलले तेव्हा मला वाटलं, चालले. वय झालंय, त्यांच्याकडे आता उरलंय किती? ते नुसता पाय बदलून परत ताठ उभे राहिले. उदगीरचा पैलवान म्हणाला, "काकू, मपलं जरा जास्त धरा. म्या तरणा हाय." कुणी म्हणजे कुणी गेलं नाही. यातल्या निम्म्यांना मी त्या दिवसाआधी बघितलंही नव्हतं.

सिंधूनं एकदा सगळ्या रांगेवर नजर फिरवली. "ते लेकरू भाईर न्या," ती त्या बाईला म्हणाली. "त्याच्या वाट्याचं नगं." बाई पोराला घेऊन कडेला गेली. "बैलाचं काय?" शेषेरावानं विचारलं. "बैल ऱ्हाऊ द्या," सिंधू म्हणाली. "त्यानं आमची ज्वारी खाल्लीया."

फड हसला. ते हसू विरायच्या आत, कुणाला कळायच्या आत, तिनं माइक तोंडाजवळ नेला.

"सिकंदर," ती म्हणाली.

आणि मातीतले सगळे सिकंदर एका आवाजात ओ देत म्हणाले, "हाव!"

मी तेवढा म्हणालो नाही. ज्यानं जन्मभर माइकवर तोंड मिटलं नाही, त्याच्या तोंडातून अक्षर फुटेना. रडलो, लपवायचं काय त्यात. चाचांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. हलगी कडाडली, टोप्या उडाल्या, भंडारा उधळला गेला, आणि सलीम बांबूच्या बुडाशी उगाचच वायरी तपासत राहिला.

सिंधूनं माइक ठेवला आणि माझ्या उजव्या बाजूला येऊन उभी राहिली. तोंड कानाजवळ आणून तिनं विचारलं, "आलं का ऐकू?"

आलं होतं. भोंग्यातून सरळ आलं होतं आणि देवळाच्या भिंतीवर आपटून दुसऱ्यांदाही आलं होतं. तिनं 'सि' थोडा लांबवला होता, तेसुद्धा ऐकू आलं होतं.

"न्हाई," मी म्हणालो. "कायबी न्हाई."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. माझं खोटं तिला कळलं नाही, असं आजवर झालेलं नाही. मग ती वळली. मातीतून पांगायला निघालेल्या सिकंदरांना तिनं हात वर करून थांबवलं.

"जरा थांबा रे समदे," ती म्हणाली. "आजून एकदा घ्यायचंय."